भगताची लेक

बाबा, तू ज्या बाईला गावाबाहेर बसवलंस तिची मुलगी गेल्या वर्षी माझ्याकडे आली. सहा वेळा आली, सातव्यांदा आली नाही. हे तुला सांगायला हवं असं तेव्हापासून वाटतंय, पण तू जाऊन बावीस वर्षं झाली. ज्यांना हे सांगता आलं असतं अशी बाकीची माणसंही एकेक करून गेली, आईसुद्धा. भाऊ आहे, पण त्याच्यासमोर तुझ्या त्या कामाचा विषय काढला की तो उठून गॅलरीत जाऊन उभा राहतो. म्हणून कागद घेतलाय.

माझं काम तुला कधी नीट पटलं नाही. शाळेतली नोकरी सोडून मी समुपदेशनाचा अभ्यास करायला लागले तेव्हा तू विचारलं होतंस, "म्हंजे लोकं येवून बोलनार, न तू आयकनार?" मी हो म्हटलं. "न मग सांगनार काय?" मी म्हटलं, सांगायचं काही नसतं, त्यांचं त्यांना सापडेपर्यंत सोबत बसायचं असतं. तू तंबाखू मळता मळता हसलास. "काय सांगलाच नाय तर लोकं परत कशाला येतील?" त्यानंतर वर्षभरात तू गेलास. माझी खोली तू पाहिली नाहीस. वसई रोडवरून उमेळ्याकडे जाताना एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर आहे. पूर्वी तिथे वाडी होती. कंपाउंडला टेकून एक नारळ तेवढा राहिलाय आणि विहिरीवर स्लॅब टाकून त्यावर स्कूटर लावतात. आत दोन वेताच्या खुर्च्या, एक टेबल, दाराजवळ पिशवी ठेवायला स्टूल. बाहेरच्या पाटीवर माझं लग्नानंतरचं आडनाव आहे, त्यामुळे माझं गाव कुणाला कळत नाही. ते कळू नये याची मी काळजीही घेतली, हे आता कबूल करायला हरकत नाही.

दादरला समुपदेशन शिकत असताना तिथल्या आमच्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात एक काम दिलं होतं. मी कोण, कुठल्या घरातून आले, त्या घरात काय चांगलं मानलं जायचं आणि काय वाईट, त्यातलं मी सोबत किती घेऊन आले, असं दोन पानं लिहायचं. त्यांचं म्हणणं होतं की समोरचा माणूस नुसता आपल्या कानांशी बोलत नसतो. आपलं गाव, जात, देव, आपली बोलायची ढब, सगळं खोलीत बसलेलं असतं, आणि आपण दाराबाहेर ठेवलं असं समजतो तेच आपल्याआधी आत जाऊन बसतं. मी लिहिलं, वडील मिठागरावर कामाला, थोडी भातशेती, आई घरी, घरात शिक्षणाला मान. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. पानं परत देताना बाई म्हणाल्या, "छान लिहिलंय. पण या घरात कुणी राहतच नाही असं वाटतंय." मी मान हलवली. तू भगत होतास, मंगळवारी आणि अमावास्येच्या रात्री आपली ओटी माणसांनी भरलेली असायची, सुपात तांदळाचे दाणे पसरून त्यावरून तळहात गोल गोल फिरवत तू कुणाला काय बाधलंय ते सांगायचास, यातलं मी काही लिहिलं नव्हतं. वर्गात हसतील म्हणून लिहिलं नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले.

ती पहिल्यांदा आली ती शुक्रवारी दुपारी साडेबाराला. वालीवला एका कारखान्यात पॅकिंगला आहे, सुट्टी शुक्रवारी. वेळ तिनेच मागून घेतली होती. "दुपारी मी एकटी नको, मॅडम." पन्नाशीला आलेली, इस्त्रीचा ड्रेस, केस घट्ट बांधलेले. वेताच्या खुर्चीत बसली नाही, स्टुलावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि तिथेच बसली. दार थोडं उघडं ठेवलं तर चालेल का, विचारलं. मग म्हणाली, "मला वेड लागतंय का, तेवढं बघा फक्त. मुलीला सातवा लागलाय. बाळंतपणाला माझ्याकडेच येणार. मी बाळाला हात लावू की नको, एवढंच मला सांगा." काय होतंय असं विचारल्यावर तिने मान खाली घातली. दुपारच्या सुट्टीत डबा खाताना तिच्या तोंडून बोलणं निघायला लागलं होतं, कुणीतरी समोर बसल्यासारखं. सोबतच्या बायकांनी ते ऐकलं होतं. "माझ्या आईचं पण असंच होतं. ती भुताळी होती. म्हणजे लोक म्हणायचे. तिचं माझ्यात आलंय." फॉर्मवर पत्ता विरारचा, आडनाव सासरचं. माझ्या काहीच लक्षात आलं नाही. मी नेहमीसारखी शहरी मराठीत, सावकाश, तिच्याच शब्दांत तिला प्रश्न विचारत राहिले.

दुसऱ्या शुक्रवारी ती बोलता बोलता थांबली. माझ्याकडे बघत नव्हती, टेबलाकडे बघत होती. माझा उजवा हात टेबलाच्या काचेवर होता आणि गोल फिरत होता. तळवा पालथा, बोटं जरा वर उचललेली, सावकाश, उजवीकडून डावीकडे. मी तो पाहिला तेव्हा तो माझा वाटला नाही. कुणा दुसऱ्याचा हात आपल्या बाहीतून बाहेर यावा तसा तो फिरत होता, आणि मी बघत असतानाही एक फेरी त्याने पुरी केली. मग मी तो मांडीवर घेतला. ती म्हणाली, "सॉरी, काय बोलत होते मी?" तिचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. मला काहीतरी बोलायचं होतं म्हणून मी विचारलं, कधीपासून. पण तोंडून निघालं, "कवापासना?" तुझ्यासारखं, शेवटी आवाज खाली टाकत. वीस वर्षं त्या खोलीत मी आपल्या बोलीतलं एक अक्षर काढलं नव्हतं. तिने लगेच उत्तर दिलं, बारीक, सात वर्षांच्या पोरीच्या आवाजात, "आयला खोपीत ठेवली तवापासना." बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती.

तिसऱ्या वेळी तिने त्या खोपीचं सांगितलं. मिठागराच्या बांधावर, गावापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर, कुडाची खोप. ती स्वतः आजीकडे राहायची, सणावाराला तिला लांबून आई दाखवायचे. त्याआधीचं त्यांचं घर गावातलं शेवटचं, मागच्या दाराशी चिंच. तेव्हा मला कळलं. त्या चिंचेखाली मी सागरगोटे खेळले आहे. ती बोलत होती, आणि मधेच खोलीत सुपात दाणे सरकल्यासारखा आवाज झाला. कोरडा, हलका, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला. आम्ही दोघींनी एकदम टेबलाकडे पाहिलं. तिने विचारलं, "तुम्हालापण आला?" मी म्हटलं, नाही. एसीच्या पत्र्यावर कबुतरं असतील, असंही म्हटलं. कबुतरं असतीलही. पण आवाज मला आला होता आणि मी नाही म्हटलं. त्या खोलीत मी कुणाशी खोटं बोलल्याची ती पहिली वेळ होती.

आता तुला ठाऊक आहे ते मी लिहिते, कारण ते मी कधी कुठे लिहिलेलं नाही. मी नऊ वर्षांची आहे. संध्याकाळी तू मिठागरावरून येतोस, पायांवर मीठ पांढरं सुकलेलं असतं, आई पाणी ओतते आणि तू मला जवळ बसवतोस. "आज कुनाच्या घरात काय आयकलंस?" मी सगळ्यांच्या घरात जाते, पोर म्हणून मला कुणी थांबवत नाही. कोण सुनेला काय बोललं, कुणाचं पोट दुखतं, कुणी दागिना लपवलाय, सगळं मी तुला सांगते. तू नुसता ऐकतोस, मधे बोलत नाहीस, माझ्याकडे असं बघतोस की मला आणखी सांगावंसं वाटतं. ऐकायचं कसं हे मी दादरच्या वर्गात शिकलेली नाही, बाबा. आणि मग मंगळवारी लोक ओटीवर बसतात, दाण्यांवरून तुझा हात फिरतो, आणि मी सांगितलेलं तुझ्या तोंडून निघतं. लोक डोळे पुसतात. मला वाटायचं, देव माझं ऐकून तुला सांगतो.

त्या पावसाळ्याच्या आधी गावातली तीन पोरं तापाने पडली, त्यातलं एक गेलं. लोक तुला सोडेनात. त्याच आठवड्यात मी तुला शेवटच्या घरातल्या काकीचं सांगितलं. ती भर दुपारी मागच्या दाराशी बसून कुणाशी तरी बोलते. तिथे कुणी नसतं. ती मांडी हलवते आणि म्हणते, ये, दूध पी. आदल्या वर्षी तिचं तान्हं बाळ गेलं होतं हे मलाही माहीत होतं आणि तुलाही. अशी बाई आज माझ्याकडे आली असती तर मी तिच्याबरोबर बसले असते आणि तिला त्या बाळाबद्दल सांगू दिलं असतं. पण तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून माझ्यासाठी लाल रिबिनीची जोडी आणलीस. मंगळवारी आईने त्या माझ्या वेणीत बांधल्या होत्या. तू दाणे बघितलेस आणि म्हणालास, "शेवटच्या घराचा उंबरा." नाव घेतलं नाहीस. त्याची गरजही नव्हती. कुणी तिला मारलं नाही. नुसतं तिच्या हातचं पाणी बंद झालं, मग तिची सावली नकोशी झाली, आणि महिन्याभरात तिच्या नवऱ्यानेच ती खोप बांधली. अकरा वर्षं ती तिथे राहिली आणि तिथेच गेली.

पाचव्या वेळी तिची मुलगी म्हणाली, "मॅडम, आई वेडी होती याचा मला पुरावाच आहे. मोठी झाल्यावर मी चोरून तिच्याकडे जायचे, तेव्हा ती म्हणायची, अमावास्येला दुपारी भगत येतो. दाराकडे पाठ करून बसतो, भाकरी ठेवतो, आणि जाताना म्हणतो, पोरांना बाधलं ते तू नव्हतीस. मी हे आजीला सांगितलं तर आजी म्हणाली, बघ, भ्रमिष्टच झाली. ज्याने हिला बाहेर काढलं तो हिला भाकरी देईल? मलापण तेच वाटलं. मी आईला म्हटलं होतं, आये, तू खोटं बोलतेस. ते शेवटचं बोलणं आमचं." हे सांगताना ती रडली नाही. तिच्या मते सगळं सरळ होतं. आईला नसलेली माणसं दिसायची, आता तिला ऐकू येतात, उद्या ती बाळाला घेऊन कुठे निघून जाईल याची खात्री नाही.

आणि मला माहीत होतं, बाबा. अमावास्येला आई फडक्यात तांदळाची भाकरी आणि सुकी मासळी बांधून द्यायची आणि तू मिठागरावर चाललो म्हणायचास. श्रावणात, भाद्रपदातसुद्धा. तेव्हा मिठागरावर कमरेएवढं पाणी असतं, काम नसतं. मी चौदा वर्षांची असताना एकदा तुझ्या मागोमाग आले होते. बांधावर चिखल होता, ऊन होतं, माणूस कुठेच नव्हता. तू खोपीच्या दाराकडे पाठ करून उकिडवा बसला होतास, टोपी काढून मांडीवर ठेवलेली. आत कुणीतरी बारीक आवाजात गात होतं. तू डोकं वळवलंस आणि मी दिसले. घरी येताना सगळी वाट तू पुढे चाललास. उंबऱ्याशी विचारलंस, "काय आयकलंस?" मी म्हटलं, काय नाय. "बरा झाला," म्हणालास. त्यानंतर तू मला संध्याकाळी जवळ बसवलं नाहीस. मला ती शिक्षा वाटली. मी काय चुकले ते कळायला मला खूप वर्षं लागली, आणि तुझं काय चुकलं ते तर मी त्या शुक्रवारपर्यंत स्वतःला विचारलंच नव्हतं.

आमच्या बाई आता थकल्यात, पण फोनवर बोलतात. मी त्यांना सगळं सांगितलं, दोन पानांत न लिहिलेलंही. त्या म्हणाल्या, "तू कोण आहेस हे तिला सांगितलंस तरच तिची आई शहाणी ठरते. दुसरं औषध नाही, हे मला दिसतंय. पण तू सांगणार ते तिच्यासाठी की तुला हलकं वाटावं म्हणून?" मी म्हटलं, दोन्ही असेल. "मग तुझं हलकं होणं तिच्यासमोर करू नकोस. रडू नकोस, माफी मागून तिच्यावर ओझं टाकू नकोस. आणि तिच्यासाठी दुसरी चांगली समुपदेशक आधी शोधून ठेव. ती तुझ्याकडे राहणार नाही." मी विरारच्या एका मैत्रिणीला विचारून ठेवलं.

सहाव्या शुक्रवारी मी उजवा हात मांडीखाली दाबून बसले. तिला म्हटलं, तुमची आई खरं बोलत होती. भगत तिथे जायचे. मी त्यांना पाहिलंय. मी त्यांची मुलगी आहे. तिने पिशवी छातीशी धरली. मग अगदी हळू विचारलं, "कसे बसायचे?" मी म्हटलं, दाराकडे पाठ करून, उकिडवे. टोपी मांडीवर. ती म्हणाली, "मांडीवर. हां. आय टोपीचं सांगायची. मी तुम्हाला टोपीचं सांगितलं नव्हतं." आणि तिचा चेहरा असा सुटला की मला बघवेना. ती हसत होती की काय ते कळत नव्हतं. "म्हंजे आय शहानी होती. अकरा वर्सां ती शहानी होती." मी म्हटलं, ते काय बोलायचे ते मी ऐकलेलं नाही, फक्त पाहिलंय. ती म्हणाली, "मग गावात का नाय बोलले?" मी म्हटलं, मला माहीत नाही. तुझ्याकडे याचं उत्तर होतं का, बाबा? ओटीवर माणसं यायची बंद होतील, एवढंच होतं की आणखी काही?

ती उठली, दारापर्यंत गेली आणि वळली. "मागच्या दाराला कोन येत नव्हता. आय दुपारची बाळाशी बोलते ता त्यांना सांगला कोनी?" मी म्हटलं, मी. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच, कपाळापासून हनुवटीपर्यंत. "तुमी माज्याशी सागरगोटे खेळायच्या." मी हो म्हटलं. "किती वर्सांच्या होता?" नऊ. "मी सात." असं म्हणून ती स्टुलावर बसली, दोन मिनिटं असेल, मग पिशवी घेऊन गेली. मैत्रिणीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी तिने घेतली. दार उघडंच राहिलं. दुपारभर मी तिथे बसून होते. माझी बाकीची माणसं मी दुसऱ्या दिवसावर ढकलली. खोलीत कसलाही आवाज नव्हता, आणि ते मला आवाजापेक्षा वाईट वाटत होतं. कुणीतरी ऐकायला टपून बसावं तशी ती शांतता होती. ती विरारला जायला लागली एवढं मैत्रिणीने कळवलं. त्यापुढे तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

परवा वसईच्या बाजारात, सुक्या मासळीवाल्या बसतात तिथे, ती मला दिसली. कडेवर बाळ होतं, चारेक महिन्यांचं, डोक्यावर दाट जावळ. तिने त्याला सराईत हाताने धरलं होतं, एका हाताने बोंबील निवडत होती, आणि त्याच्याशी मोठ्याने बोलत होती, सगळ्या बाजारासमोर. मी थांबले. तिने वर पाहिलं. ओळख दाखवली नाही, नाकारलीही नाही. मी एक पाऊल पुढे टाकलं, मला फक्त त्याचं तोंड बघायचं होतं. तेव्हा तिने घाई न करता ओढणी बाळाच्या तोंडावरून घेतली आणि त्याचं डोकं आपल्या गळ्याशी वळवलं.

भाऊ सर्वपित्रीला खाडीवर तुझ्या नावाने नारळ सोडतो. हा कागद त्याच्यासोबत देता आला असता, पण मी देणार नाही. कपाटात माझ्या कागदांखाली राहील. कारण यातली एक गोष्ट तुझ्यापर्यंत पोचलेली मला नको आहे. तिने बाळाचं तोंड झाकलं तेव्हा मला राग आला नाही आणि मला वाईटही वाटलं नाही. मी चटकन मान फिरवली आणि ती गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत जमिनीकडे बघत उभी राहिले, बाळाला माझी नजर लागू नये म्हणून.